माझ्या पसंतीची भिंत

कामशेतला आमचं तांदळाचं दुकान होतं आणि त्याला लागूनच राहतं घर. मी मराठी सहावी पास झाले तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, "सातवीची परीक्षा होईपर्यंत तुझ्या लग्नाचं नाव काढणार नाही." सातवी झाली की पुण्याला शिकून मास्तरीण व्हायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

माघात एका सकाळी रंगारी चाचा चुन्याच्या बादल्या घेऊन आले. सोप्याच्या भिंतीवर त्यांनी दोन पट्टे ओढून दाखवले, एक नीळ घातलेला, एक पिवडी घातलेला. आई म्हणाली, "पिवळाच द्या, शुभ असतो." मी हटून बसले. मला निळा हवा होता. त्या भिंतीशी बसून अभ्यास करणार होते ना मी! बाबा हसून म्हणाले, "तिला हवा तोच द्या." मी अभिमानानं अशी काही फुगले म्हणता! आमच्या घरात आजवर मला भाजी कुठली करू, एवढंही कुणी विचारलं नव्हतं.

शेजारची मावशी डोकावली. "अगं, दिवाळी कवाच झाली. आता चुना कशापायी?"

"आमचं घर, आमची मर्जी!" मी फणकारले. आईनं तोंड फिरवलं. दिवाळी सोडून चुना लागतो तो लग्नघराला, हे मावळातलं शेंबडं पोरही सांगेल. माझीच मेली अक्कल चरायला गेली होती.

चौथ्या दिवशी लोणावळ्याहून पाहुणे आले, ते थेट सुपारी फोडायलाच. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं! मला लुगडं नेसवून समोर बसवलं. बाबा माझ्याकडे बघेनात. माझ्या डोळ्यांना धार लागली, ती मुलगी लाजतेय म्हणून खपली.

पाहुणे भिंतीला टेकले होते. रंग कच्चा, त्यांच्या काळ्या कोटांच्या पाठी निळ्या झाल्या. आता चिडतील, उठून जातील, म्हणून मी देव पाण्यात घालून बसले. पण होणारे सासरे पाठ झटकत हसले.

बाबाही हसले. "आमच्या मुलीची पसंती बरं का ती!" म्हणाले.

पसंती! जन्मात मला तेवढी एकच विचारली, भिंतीची.