खिचडीखोलीसमोरचा काटा

वच्छलाबाईशी कोणी गोड बोललं की ती पदर सावरून दोन पावलं मागं सरायची. पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या खेड्यात ती शाळेची खिचडी शिजवते. नवरा कडूबा कापूस घेऊन मलकापूरला निघाला की ही हटकून सोबत जायची आणि काट्याला चिकटून उभी राहायची. "काटा कोनाचाई असो," ती म्हणे, "ज्याच्या अंगनात असते त्याच्याच बाजूनं बोलते."

असाच एक काटा, माणसं तोलायचा, सोमवारी शाळेत आला आणि नेमका तिच्या खिचडीखोलीसमोर बसला.

कारण साधं होतं. शाळेतल्या मोठ्या माणसांची वजनं वाढू नयेत म्हणून वरून उपक्रम आला होता. दर महिन्याला वजन, शाळा सुटल्यावर मैदानाला फेऱ्या, वाढदिवसाचे समोसे बंद. मंजुश्री मॅडमनी तो हौसेनं अंगावर घेतला. बाकी साऱ्या फरश्या खचलेल्या, सपाट जागा तेवढी एकच, म्हणून काटा तिथं. पण हे वच्छलाबाईला सांगावं असं कोणाला सुचलं नाही.

"मावशी, तुमचंही नाव घातलंय हं," मॅडम हसत म्हणाल्या.

"माहं? पगाराच्या टायमाले मी कर्मचारी नाई, मानधनवाली. वजनाच्या टायमाले बरी तुमच्यातली झाली!"

"अहो, तुमच्याच तब्येतीसाठी."

"काय झालं माह्या तब्येतीले?"

पहिल्या वजनाला मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला. हेडसर माणिकराव बाजूलाच होते. "वा, वच्छलाबाई," ते हसले, "खिचडी मानवली म्हनायची!"

सगळे हसले. ती हसली नाही.

संध्याकाळी जाऊ रुख्मिणी भिंतीवरून डोकावली. खिचडीच्या कामासाठी रुख्मिणीनंही अर्ज केला होता.

"काटा तुह्यासाठीच आनला, बाई. शाळेत लागली तवा काडीवानी होती तू. लोकायले डोये नाईत काय?"

खरं तर शाळेतला दाणा वच्छलाबाईनं कधी घरी नेला नव्हता. पण पोट्ट्यांच्या तोंडचं खाल्लं, हा बोल एकदा लागला की काम तर जातंच, गावात मान वर करून चालणंही जातं.

त्या दिवसापासून तिनं चव घेणं सोडलं. आधी खिचडी हलवायच्या सराट्यावरून चार शितं तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, जिभेला लावायची. आता तेही नाही. उलट दार सताड उघडं ठेवायची, आपलं तोंड हलत नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. हेडसर सहज डोकावले तरी तिला वाटायचं, पाहून राह्यले.

दुसऱ्या वजनाचा दिवस आला. तिनं खिचडीच्या गंजात मीठ टाकलं, तेवढ्यात मॅडम काटा पुसायला आल्या. तिची नजर तिकडं. हात पुन्हा मिठाच्या डब्यात गेला की नाही, तिचं तिलाच आठवेना. वाढण्याआधी एका शिक्षकानं चव घ्यायचा नियम होता. तिनं वाटी पुढं केली.

"आज वजन आहे ना मावशी, मी उपाशीपोटी उभी राहणार. वास किती छान येतोय! वाढा तुम्ही."

हेडसरांनी वाटीकडं पाहिलंही नाही. "म्या तं भातच सोडला, बाई. वाढून टाका."

पंगत बसली. पहिलीतल्या काजलनं घास घेतला आणि थुंकला. "मावशे, खारट जहर!" मग सगळी रांगच थुंकायला लागली.

हेडसरांनी बोट लावून पाहिलं. "चव नाही घेतली?"

"नाई."

"काऊन?"

तिनं सराटा काट्याकडं केला. "त्याच्यापाई. मी चार शितं खाल्ले असते तं तुम्ही म्हनले असते, मानवली. खरं सांगा सर, हा माह्यासाठीच आनला ना?"

"अहो, ती गंमत होती."

"गंमत तुमची, काम माहं."

मॅडम कशाबशा फरशीचं कारण सांगू लागल्या. तिनं ऐकलं नाही. दुसरा तांदूळ धुतला, बिनमिठाचा भात शिजवून त्यात मिसळला. मग दोन ताटल्या भरल्या. "आधी तुम्ही." हेडसर आणि मॅडम तिच्यासमोर उभ्यानं जेवले. मगच पोरांना वाढलं.

"काटा ऑफिसात नेतो," हेडसर म्हणाले.

"राहू द्या. आता हालवला तं लोक म्हनतीन, कायीतरी लपवलं."

तिनं मिठाच्या न फोडलेल्या पुड्या आणून आधी काट्यावर ठेवल्या. आकडा बरोबर आला. "मिठाले तं खरा हाये," म्हणत पुड्या उतरवून ती चढली. "मोठ्यानं वाचा म्याडम. रुख्मिणीच्या घरापोतर जाऊ द्या."

मॅडम चाचरल्या. वजन चांगलं किलोभर वाढलं होतं.

"आईका!" वच्छलाबाई पोरांकडं वळली. "महिनाभर शाळेचं एक शीत माह्या तोंडात गेलं नाई, तरी वाढली!"

"मग कशानं वाढलं, मावशी?" मॅडमनी विचारलं.

ती काट्यावरून उतरली आणि मिठाच्या पुड्या उचलून आत गेली.

संध्याकाळी घरी नातवंडांनी भात टाकला, कालचं वरण उरलं. रोजच्यासारखं ते सगळं संपवायला तिच्याच ताटाकडं सरकलं. कडूबा अर्धी भाकर ठेवून हात धुवायला उठू लागला. वच्छलाबाईनं भाकरीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"बसा," ती म्हणाली. "ही कोनाच्या नावानं ठेवली?"