भिंतीवरची बाई

"धर पाय. त्या चित्रातली बाई धरते तसा."

पाहुन्यांच्या म्होरं भासरा मले असं म्हने. भासरा म्हंजे माह्या मालकाचा थोरला भाऊ. त्याच्या बैठकीत भिंतीवर जुनं चित्र हाय. सरदार लोडाले टेकून हुक्का पेते. पायाशी बाई. दोन्ही हातानं त्याचा पाय धरेल. त्याचं तोंड पुरं काढेल, तिचं अर्धं, पदराखाली.

देऊळगाव राजाहून आलेला पाहुना म्हने, "अठराव्या शतकातलं चित्र. त्या काळी बाई पुरुषाच्या आधारानं कशी जगायची, ते दिसतं यात."

"त्या काळी काऊन?" भासरा हासला. "आमच्या घरी आजबी तशीच हाय. बस वं, फोटो काढू दे त्यायले."

बसली मी. वावरातून निंदून आलती, नखात माती. धरला पाय. थंडागार होता.

पाहुना म्हने, "आजी, मान आणखी खाली."

घातली.

फोटो गावभर गेला. नळावर पोरी म्हनत, "सरका वं, सरदारीनबाई आल्या!"

आमच्यात भासऱ्याले शिवाचं नाही, पाह्याचं नाही, बोलाचं नाही. काही सांगाचं असलं त भिंतीले सांगाचं, तो आयकते. चाळीस वर्सं मी त्या चित्रातल्या बाईलेच सांगतलं. मालक मेला तवाबी तिलेच. मांगून भासरा म्हने, "बरं."

मंग एक दिवस कागद घेऊन बसला. मालकाच्या हिश्श्याचं वावर मी सोडलं, असा कागद.

"अंगठा दे. बाईले वावर काय कराचं? आमी हावो ना पोसाले."

सवयीनं मी भिंतीकडं तोंड केलं. तिचे दोन्ही हात पायात गुतेल. एक मोकळा नाही. माहे मोकळे होते.

फिरली. पह्यल्यांदा त्याच्या डोळ्यात पाह्यलं. पिवळे. म्हातारा झालता तो, मले मालूमच नव्हतं.

"नाही देत."

"कोनाले बोलून राह्यली वं?"

"तुमाले."

शिवाची रीत त्यानं मोडली, बोलाची मी.

त्यानं हिरीले कुलूप लावलं. मी दुरून हंड्यानं पानी आनतो, वांग्याच्या एकेका झाडाले घालतो. अर्धे जळले. माहे गुडघे गेले. वावर हाय.

मेल्या मानसाचा अंगठा कागदावर उमटवून घेतेत, म्या डोळ्यानं पाह्यलं. नातीले सांगून ठेवलं हाय. माहा जीव गेला का पह्यले माहा अंगठा विस्तवावर धरजो. मंग रडजो.