मामाचं गाठोडं अन् माझी शिट्टी

मंडळी, दुपारपासून घास उतरेना, म्हणून तुमच्यापाशी मन मोकळं करायलेय.

मी नगरपालिकेची सफाई कामगार. रोज घंटागाडीवर असते. आज अमावस्या म्हणून नदीच्या घाटावर ड्युटी लागली. आमच्याकडं माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण नदीत सोडतात. मग कुजलेलं ते सगळं आमीच ओढून काढतो. म्हणून आता बंदी हाय. गळ्यात शिट्टी अडकवून मी पायरीवर उभी होते.

एका माणसाची गादी नुकतीच अडवली, तेवढ्यात माझी सख्खी मामी आली. डोक्यावर गाठोडं. मामा जाऊन महिनाच झालाय.

"मामी, नदीत सोडायचं न्हाई. तिकडं गाडीत दे."

"तुझ्या मामाचे कपडे हायेत पोरी. कचरा न्हाई."

गादीवाला अजून तिथंच होता. मोबाईल काढून म्हणाला, "ताई, मला अडवलं. आता मामीला सोडायलात का?"

मी शिट्टी वाजवली. मामीच्या तोंडावर.

ती भांडली न्हाई. गाठोडं माझ्या हातात दिलं. "मग तूच कर काय करायचं ते," म्हणाली अन् मागं न बघता गेली.

घाटावरच्या गाडीत माझ्यानं टाकवलं न्हाई. आता गाठोडं माझ्या ओट्यावर हाय. वरच मामाचा सदरा दिसायलाय. नदीत सोडता येईना, अन् सासू घरात घेऊ देईना.

सकाळी सातला घंटागाडी माझ्या दारात येईल. गाडीवर मीच असेन. सांगा, कुठल्या हातानं उचलू?