उशी पिंजायला दिली तो दिवस

निवृत्त झाल्यावर अमरावती सोडून मी अकोल्याला राहायला आले, तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी भरपूर होत्या, वेळ आणि मतं. नर्सची सगळी नोकरी वॉर्डात हुकूम सोडण्यात गेलेली. इथे घरात हुकूम ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून मी देवालाच कामं सांगू लागले. पहिला चहा व्हायच्या आत माझी प्रार्थना उरकलेली असे. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला रिपोर्ट देतात, त्यातलाच तो प्रकार होता. अमकीला बरं कर, तमक्याचं ऑपरेशन आहे, लक्ष असू दे, आमेन. देवाला मध्येच काही बोलायचं असतं तर त्याला जागाच मिळाली नसती.

चाचा मला दवाखान्याच्या पायरीवर भेटले. सत्तरी ओलांडलेला पिंजारी, जन्म गाद्या-रजया भरण्यात गेलेला. साखरेच्या आजाराने डाव्या पायाच्या तळव्याला जखम झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज स्वच्छ पट्टी झाली तर पाय राहील, नाहीतर आधी बोटं जातील आणि मग पाऊल. रोज दवाखान्यात येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांची खोली माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होती.

"उद्यापासून मी येते," मी म्हटलं.

"रोज? तुमाले दुसरं काम नाही काय, सिस्टर?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

बंद पडलेल्या दुकानामागची ती एक खोली. भिंतीवर कापूस पिंजायची मोठी कमान टांगलेली. पट्टीच्या पहिल्याच दिवशी मी फर्मान काढलं की जखम भरेपर्यंत कापसाला हात लावायचा नाही, तुसं उडतात. चाचांनी फक्त कमानीकडे पाहिलं. आठवडाभराने मी पाय धूत असताना ते म्हणाले, "सिस्टर, तुमी मान एका अंगाले धरून काहून चालता? उशी दगड झाली असंन. आनून द्या, पिंजून देतो."

"तुम्ही आधी पाय सांभाळा," मी म्हटलं. गरिबाकडून काही घ्यायचं नाही असा माझा नियम होता. तो मोठा सद्गुण आहे अशी माझी पक्की समजूत होती.

एकदा पट्टी बांधता बांधता त्यांनी मुलाचं सांगितलं. मुलगा मूर्तिजापूरला असतो. येणं नाही, फोन नाही. सांगताना ते भिंतीकडे बघत होते. मी हातातली गाठ मारली आणि निघाले. एवढ्यावरच मी गप्प राहिले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत साक्षीसाठी वेळ ठेवलेला असतो. कोणाचा ताप उतरतो, कोणाच्या लेकीचं लग्न जमतं. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि देवाने काय केलं ते सांगायचं. मी कधी उठत नसे. पण त्या रविवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा उतारा वाचला गेला आणि मला राहवलं नाही. मी उभी राहिले. खोली सांगितली, एकुलती एक थाळी सांगितली, जखमेचा वास सांगितला आणि न विचारणारा मुलगाही सांगितला. जिथे आवाज भरून यायला हवा तिथे तो बरोबर भरून आला. बायांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी उपदेशात दोनदा माझा दाखला दिला. त्या दिवशी घरी जाताना माझी मानसुद्धा दुखली नाही.

बुधवारी महिला मंडळाच्या पाच जणी चाचांच्या दारात गेल्या. मायेनेच गेल्या, त्याबद्दल मला शंका नाही. सोबत जुने कपडे आणि तांदळाची पिशवी होती. दारात उभं राहून त्यांनी एक गीत म्हटलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी प्रार्थना केली. मग एक जण म्हणाली, "पोरगा इचारत नाही म्हने तुमाले. आमी हाओत ना." हे सगळं त्यांनीच मला संध्याकाळी आनंदाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी होती.

"चाचा, पट्टी."

आतून आवाज आला, "सिस्टर, माह्या पोराची गोष्ट मी तुमाले सांगतली होती. तुमच्या चर्चले नाही. जा तुमी."

मला आधी राग आला. लाज वाटायला हवी होती, पण आला राग. इतके दिवस ज्याचा पाय धुतला त्याने मला दारातून परत पाठवावं? हा राग घरी जाऊन भांडी घासेपर्यंत टिकला. मग भीती वाटू लागली. अशा जखमेकडे दुर्लक्ष झालं की तिचं काय होतं, हे मी वॉर्डात फार वेळा पाहिलेलं होतं.

रोज सकाळी मी उंबऱ्यावर सलाईनची बाटली आणि पट्ट्यांचं पाकीट ठेवून येऊ लागले. दुसऱ्या दिवशी ते जागेवर नसे. आत गेलं की कुत्र्याने नेलं, कळायला मार्ग नव्हता. दार वाजवायचा धीर मला होत नव्हता.

प्रार्थना मात्र जोरात चालू होती. देवा, त्यांचा पाय वाचव. पाचव्या-सहाव्या दिवशी हेच म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की मी पुढे मनातल्या मनात काहीतरी जोडते आहे. पाय वाचव, म्हणजे माझ्यावर ठपका यायला नको. मी तिथेच थांबले. आमेनही म्हटलं नाही. चहा निवून गेला तरी बसून राहिले. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. रविवारचा तो उतारा तेवढा आठवला. त्यात एक शिष्य आहे, प्रभू पाय धुवायला आला तर पाय मागे घेणारा. इतकी वर्षं त्या गोष्टीत मी स्वतःला घंगाळाच्या बाजूला उभी समजत होते. मी तर पाय ओढून बसले होते. एका म्हाताऱ्याने जे त्याला येत होतं ते देऊ केलं, साधी उशी पिंजून देतो म्हणाला, आणि मी तेही घेतलं नव्हतं. उलट त्याच्या हातातलं कामही बंद करून टाकलं होतं. मला रडू आलं आणि मग फार हलकं वाटलं. त्या दिवशी मी देवाला एकही काम सांगितलं नाही.

नवव्या दिवशी मी तेलकट अभ्र्याची माझी उशी काखेत मारली आणि भर गल्लीतून निघाले. लोक बघत होते. दार वाजवलं.

"चाचा, माझं चुकलं. तुमची गोष्ट माझी नव्हती, ती मी चारचौघांत वाटून टाकली. आज पट्टी आणली नाही. उशी आणली आहे. मान धरलीय, झोप लागत नाही."

मी उभी राहिले. मग पाय घासत कोणीतरी दाराशी आलं आणि कडी निघाली. चाचांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. उशी घेतली, दोन्ही हातांनी दाबली.

"यात रुई नाही सिस्टर, गोटे हायेत. बसा."

"आधी पाय बघू द्या."

"आधी उशी."

वॉर्डात माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी मुकाट्याने त्यांच्या पायावर प्लास्टिकची पिशवी बांधली, तुसं जाऊ नयेत म्हणून, आणि कोपऱ्यात पाटावर बसले. चाचांनी कमान काढली. तिच्या तारेचा घुमणारा आवाज खोलीत भरला. कापूस मोकळा होऊन उडू लागला, माझ्या केसांवर, चष्म्यावर बसू लागला. चाचांच्या चेहऱ्यावरचं दुखणं कुठल्या कुठे गेलं होतं. कोणीतरी माझ्यासाठी काम करतंय आणि मी नुसती बसले आहे, असं माझ्या आयुष्यात फार थोडं झालं असेल.

उशी शिवून झाल्यावर त्यांनी पाय पुढे केला. पट्टी वाकडीतिकडी होती, पण स्वच्छ होती. माझं बघून बघून ते शिकले होते आणि उंबऱ्यावरचं पाकीट रोज आत घेत होते. शेवटचा पदर मी श्वास रोखून सोडला. जखम लाल होती. काळी नव्हती, लाल होती, आणि कडेने नवी कातडी धरत होती. मी तो पाय हातात धरून रडले.

"काहून रडता? वाचला नं," चाचा म्हणाले.

चार महिन्यांनी जखम भरली. मुलाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते मी लिहिणार नाही. हे लिखाण मी आधी चाचांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाव नोका टाकू कोनाचं. बाकी राहू द्या."

जखम भरल्यानंतरच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी अपेक्षेने माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

"माझी मान फार दिवस दुखत होती," मी म्हटलं. "एका पिंजाऱ्याने मला उशी पिंजून दिली. आता झोप लागते. देवाची स्तुती असो." आणि खाली बसले.

मागच्या बाकावरून महिला मंडळातली एक जण पुढे वाकली. "अन् त्याईच्या पायाचं काय झालं?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं. "फक्त जाताना तांदूळ नेऊ नका. तुमची उशी न्या."