बाहेरच्या मेकॅनिकचा हात

मिस्त्रींनी तीस वर्षांत गावातल्या निम्म्या मोटारसायकली उघडून पुन्हा बसवल्या होत्या. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की गाडीचं दुखणं कळलंच! घरात नवी कोरी गाडी मात्र पहिल्यांदाच आली, तीही लेकीने स्वतःच्या पगारातून घेतलेली.

दोन वर्षांची वॉरंटी गाडीबरोबर होतीच. जादा पैसे भरून आणखी तीन वर्षं वाढवा म्हणून शोरूमवाला मागे लागला होता. आठ दिवसांत कळवायचं होतं. अट एकच, बाहेरच्या मेकॅनिकने इंजिन उघडलं की वॉरंटी गेली.

"बाहेरचा म्हणजे कोण, मी?" मिस्त्रींचा पारा चढला. "पैसे वर आलेत का आपल्याला?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," लेक म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं.

पैशांचं तर निमित्त होतं. लेक नर्स झाली होती आणि सोमवारपासून दोनशे किलोमीटरवरच्या दवाखान्यात रुजू होणार होती. गाडीही कंपनीच्या ताब्यात गेली, तर तिला घरी यायला कारण काय उरलं? ही भीती मिस्त्रींच्या पोटात होती, ओठावर येत नव्हती.

सातव्या दिवशी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर इंजिनला लावला. आवाज ठणठणीत होता. पण तिकडे भररस्त्यात तो बिघडला, तर ऐकणार कोण? आपला कान काही तिथवर पोचायचा नाही. त्यांनी हात धुतले आणि शोरूममध्ये जाऊन पैसे भरून आले.

"घे," कागद लेकीपुढे ठेवत ते म्हणाले. "आता माझा हात नाही लागायचा."

लेकीने कागद शेवटपर्यंत वाचला. मिस्त्रींनी तो अटीपर्यंतच वाचून रागाने मिटला होता.

"बाबा, यात चेन येत नाही. ती ज्याची त्याने बघायची. दर पाचशे किलोमीटरला तेल."

"तिकडे घालेल की कुणीही."

"छे! बाहेरच्या मेकॅनिकला मी हात लावू देणार नाही," लेक हसली. "दोनशे यायचे, दोनशे जायचे, शंभर तिकडे फिरायचे. महिन्याला एक फेरी ठरलेली."

मिस्त्री नुसतं नाक पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या वरच्या फळीवर त्यांनी चेनच्या तेलाची नवी बाटली ठेवली, आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी तिला कुणालाही हात लावू दिला नाही.