ती फेरी मी मारलीच नव्हती

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, शकुन-अपशकुन यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वीस वर्षं हातात व्हर्निअर. जे मापात बसत नाही ते रिजेक्ट, एवढंच मला कळतं. इथले अनुभव वाचून मी आणि मनीषा, म्हणजे माझी बायको, चिक्कार हसलेलो आहोत. पण एकदा, फक्त दोन मिनिटांपुरता, मीही अपशकुनावर विश्वास ठेवला होता... कारण तेव्हा तो सोयीचा होता. नावं बदलली आहेत. गावाचं नाव देत नाही. कारण शेवटी कळेल.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी एक जुनी गाडी घेतली. स्टेशन वॅगन. टर्बो पेट्रोल, सहा गिअर, रुंद टायर, आणि मागे ही एवढी लांब डिकी. आपल्याकडे अशा गाड्या फार खपल्या नाहीत, लोक त्यांना हसायचेच. सोसायटीतल्या एकाने तर पहिल्याच दिवशी विचारलं, "काय हो, शववाहिका घेतली का?" त्याच्या गाडीला शंभरवर जायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. बारा-तेरा वर्षांपासून मला ही गाडी हवी होती आणि आता, चाळिशी उलटल्यावर, ती माझ्या दारात उभी होती. खोटं कशाला बोलू, रात्री गॅलरीतून वाकून बघायचो.

गाडी होती आहेर सरांची. दिंडोरीच्या पुढे, वणी रस्त्यावर एका द्राक्षांच्या गावात राहणारे निवृत्त शिक्षक. मुलगा परदेशी जाताना गाडी त्यांच्याकडे ठेवून गेला होता. सरांची नजर हळूहळू अधू झाली, शेवटी डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, म्हणून विकायला काढली. किल्ली देताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "इन्स्पेक्टर, एक सांगू? मागची सीट पाडली की हिच्यात माणूस आडवा झोपतो. बाळंतिणी नेल्यात, हार्टवाले नेलेत. या रस्त्यावर सगळे हिला ओळखतात. कुणी हात केला तर थांबत जा. तेवढा शब्द द्या."

"हो हो सर, नक्की," मी म्हणालो. तेव्हा मी वाकून टायरची झीज बघत होतो.

गाडी घेतली की वणीला, गडावर नेऊन पूजा करायची, ही नाशिककरांची रीत. माझा विश्वास नव्हता, पण सासूबाईंनी फोन करकरून डोकं खाल्लं, आणि रस्ताही मस्त आहे... म्हटलं, चला. त्या आधीच्या आठवड्यात मी गाडीला नवीन सीट कव्हरं घातली होती. क्रीम रंगाची. मनीषा म्हणाली, "अहो, मळतील." मी म्हणालो, मळवणाऱ्याला बसवणारच कोण?

दसऱ्यानंतरचा रविवार. पूजा झाली. चाकाखाली लिंबू चिरडलं, बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. मागच्या सीटवर नारळ आणि प्रसादाची पिशवी. दुपारी एकच्या सुमारास आम्ही दोघं परत निघालो. सरांचं गाव आलं. गाव ओलांडून थोडं पुढे एका मळ्याच्या तोंडाशी एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

मी थांबलो. ते खरंय, थांबलो. काच अर्धी खाली केली.

"सरांची गाडी ना? देव पावला! साहेब, बायकोला पान लागलं हो. घोणस होती, लय मोठी. पायाला धरलं. दिंडोरीपातुर सोडा फक्त!" त्याचं नाव बाळू हे मला नंतर कळलं. तो बागेत फवारणी करत होता. बोर्डोची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याची. कोपरापर्यंत दोन्ही हात निळे. त्याच्या मागे, बांधावर, एक बाई पाय धरून बसली होती. तिने उलटी केली तेही मला दिसलं.

मला आधी काय दिसलं सांगू? ते निळे हात. आणि माझी सीट कव्हरं.

"अॅम्ब्युलन्सला फोन करा ना," मी म्हणालो.

"केला साहेब, निघालीय, पण येईपातुर..."

"नाही हो, काय आहे... आत्ताच गडावरून पूजा करून येतोय. पहिलीच फेरी. पहिल्या फेरीत पेशंट नको. अपशकुन होतो."

हे मी म्हणालो. मी! वीस वर्षं सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा 'शिरा' म्हणणारा माणूस. बाळूने गाडीवरच्या माळेकडे बघितलं आणि त्याचे हात खाली आले. त्याला ते पटलं, हेच वाईट. तो वाद घालता, शिव्या देता तर कदाचित मी... जाऊ द्या. मनीषा "अहो," एवढंच म्हणाली. मी पाय दाबला. बारा वर्षं ज्या पिकअपची स्वप्नं बघितली तो मला त्या क्षणी पहिल्यांदा कळला. पाठ सीटला चिकटली, आरशातला माणूस बघता बघता लहान झाला. आणि दिंडोरी तर आमच्या वाटेवरच होती. वाकडी वाटसुद्धा करायची नव्हती.

तिथून थेट नाशिक. गाडी कुठेही थांबली नाही, वळली नाही. मनीषा शेजारी बसलेली होती, हे लक्षात ठेवा. इंदिरानगरला सोसायटीत गाडी लावली, सवयीप्रमाणे ट्रिप मीटर बघितला, प्रसादाची पिशवी काढली, गाडीवर कव्हर घालून दोरी बांधली. मीटरवर १३१.४ होतं. सकाळी निघताना मी शून्य केला होता. किल्ली फ्रिजवर. त्या दिवशी परत मी खाली उतरलोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हर काढलं. दोरीला माझीच गाठ होती. दार उघडलं... मागची सीट पाडलेली. सपाट, डिकीला लागून. मी ती कधीच पाडली नव्हती, खटका कुठे आहे तेही मला शोधावं लागलं. उलटीचा आंबूस वास. आणि पुढच्या सीटच्या पाठीवर, क्रीम कव्हरवर, निळा पंजा. पाची बोटं स्पष्ट. बसताना आधार घ्यावा तसा.

मीटर १४५.६.

आता मी काय केलं असेल? क्वालिटीवाला माणूस, कारण शोधायला हवं. मी रॉकेल आणून डाग घासत बसलो. मनीषाला म्हणालो, गडावरच्या पार्किंगमध्ये कुणीतरी हात लावला असेल, आकडा मी चुकीचा वाचला असेल. ती वर निघून गेली. डाग फिका झाला, गेला नाही.

चार दिवसांनी आहेर सरांचा फोन.

"इन्स्पेक्टर! शब्द पाळलात. बाळू आला होता. सुनंदा वाचली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

वाटलं, गाडी ओळखण्यात घोळ झाला असेल, दुसरंच कुणीतरी देवासारखं आलं असेल. तेव्हाच सांगायला हवं होतं की सर, तो मी नव्हे. ती वाचली हे ऐकून हायसं वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त हायसं याचं वाटलं की कुणाला काही कळलेलं नाही. मी म्हणालो, "त्यात काय सर... कुणीही केलं असतं."

कुणीही केलं असतं! आजही हे वाक्य आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मग सत्कार. दिवाळीच्या आधी गावच्या मारुतीच्या सभामंडपात, शाल-श्रीफळ देऊन. मी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा सर म्हणाले, "लोकांना बरं वाटेल हो." मनीषा म्हणाली, "जायचं असेल तर जा, पण खरं सांगून या." मी हो म्हणालो आणि तिलाही घेऊन गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो, शप्पथ. पण पन्नास-साठ माणसं, सतरंजी, माइक... सरांनी भाषणात सांगितलं, "गाडी विकली याचं दुःख होतं. पण माणूस बघून विकली, हे आता कळलं." टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर शाल आली. मग सुनंदा लंगडत पुढे आली, वाकली आणि माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.

नंतर चहाच्या वेळी बाळू मनीषाला म्हणाला, "वहिनी, तुम्हाला त्या दिवशी कुठं उतरवलं होतं? साहेब एकलेच परत आले." मनीषाने कप खाली ठेवला. तो सांगत राहिला. आम्ही गेल्यावर दहा मिनिटांनी तीच गाडी दिंडोरीकडून परत आली. तीच माळ, तेच स्वस्तिक, मीच चालवत होतो, तोच चौकडीचा शर्ट. काही न बोलता उतरलो. मागची सीट एका झटक्यात पाडली, सुनंदाला स्वतः उचलून आत झोपवलं, तिने माझ्या शर्टावर उलटी केली तरी हूं की चूं नाही. "काय गाडी हाणली साहेबांनी! मी सीट धरून बसलो होतो," बाळू म्हणाला. दवाखान्याच्या दारात दोघांना सोडलं आणि निघून गेलो. मळ्यापासून दवाखान्यापर्यंत अंतर किती, हे मी परत येताना मोजलं. १४.२. म्हणजे मीटरवर फक्त जाण्याचे किलोमीटर होते. यायचे नव्हतेच.

"आणि उतरवताना," सुनंदा म्हणाली, "भाऊ माझ्याकडं बघून म्हणाले, मघाशी चुकलं माझं, माफ करा."

परतीच्या वाटेवर मनीषाने शालीची घडी घातली आणि मागे ठेवली. म्हणाली, "तो कोण होता मला ठाऊक नाही. पण त्याची बायको मी असते तर आज बरं वाटलं असतं."

तीन महिने झोप नीट नव्हती. भीतीने नाही. भीती परवडली. तोंड माझंच, शर्ट माझाच, गाडी माझीच, आणि एवढं साधं काम त्याला जमलं, मला नाही. शेवटी फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी एकटाच सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. अपशकुनाचं वाक्यसुद्धा. सर खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता याचा मला आधार वाटला, याचीही लाज वाटते.

मग म्हणाले, "म्हणजे माफी त्याने मागितली."

"हो सर."

"मग तुमची राहिलीच की. इथं कशाला बसलात? जा मळ्यात."

गेलो. द्राक्षं काढणीला आली होती, सुनंदा मांडवाखाली क्रेट भरत होती. बाळू बाजूला वजनकाट्यापाशी. मी चप्पल काढली, का ते माहीत नाही, आणि म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी परत आलोच नव्हतो. मी पळालो होतो. तुम्हाला बघून, सीट खराब होईल म्हणून पळालो. दवाखान्यात नेलं तो मी नव्हतो. मला माफ करा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बाळूकडे बघून हसली. "बघा, साहेबांना अजून टोचतंय." आणि मला म्हणाली, "भाऊ, मागितली ना एकदा माफी? मी केली बी. आता किती वेळा मागताल?"

"ताई, खरंच मी नव्हतो हो..."

"बरं, नव्हता," ती लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली, आणि द्राक्षांचा एक क्रेट उचलून स्वतः माझ्या डिकीत ठेवला. तो उतरवून ठेवायचा धीर मला झाला नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दोघांना एकदम भास झाला म्हणावं, तर तो पंजा कुणाचा? मीटर बिघडला म्हणावा, तर तेव्हापासून आजवर शंभर मीटरचाही फरक पडलेला नाही, मी तपासलाय. आता त्या रस्त्यावर कुणीही हात केला की मी थांबतो. आजवर सात जणांना नेलं. लोक आभार मानतात. सीट कव्हर मी बदललेलं नाही. तो पंजा आता पुसट झालाय, पण माझा हात त्याच्यावर ठेवून बघितला तर मावत नाही... बाळूचा हात माझ्यापेक्षा लहान आहे.

सुनंदाने माफ केलं ते त्याला. ती माफी मला कुणाकडे जाऊन मागायची, ते कुणाला माहीत असेल तर सांगा.