पराभवाला एकच नाव

औषधांच्या एका कारखान्यातल्या भांडारप्रमुखांना सगळे शिट्टीसर म्हणत. खोकी मोजतानासुद्धा त्यांच्या पोटावर शिट्टी डुलत असे. कारखान्याच्या महिला व्हॉलीबॉल संघाचे ते अकरा वर्षं प्रशिक्षक होते. तरुणपणी स्वतःही एक हंगाम खेळले होते, म्हणजे राखीव म्हणून बाकावर बसले होते. त्या बाकाने खेळाला एक द्रष्टा दिला, असं त्यांचं मत होतं. बाकाला दोष देण्यात अर्थ नाही.

सरांची एक पद्धत होती. सामना हरला की कपडे बदलायच्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर ते बसत आणि एका खेळाडूला पुढे बोलावत. तिने सगळ्यांसमोर म्हणायचं, "आजची हार माझ्यामुळे." मग ते नाव अहवालात जाई. पराभवाला एकच नाव असावं, दोन झाली की जबाबदारी पातळ होते, असा त्यांचा सिद्धांत. अकरा वर्षांत चाळीसेक नावं निघाली आणि त्यांत सरांचं एकदाही निघालं नाही, याला योगायोगच म्हणायचं. जिंकल्यावर अहवाल लागत नसे. तेव्हा फोटो असे, आणि करंडक कोणाच्या हातात आहे ते फोटोत दिसतच असे.

"त्यात काय नवल?" त्यांच्या पत्नी म्हणत. "अठ्ठावीस वर्षं संसार केलाय. दूध उतू जातं तेव्हा गॅसपाशी हे उभे असतात, आणि जातं माझ्यामुळे."

संघाची कर्णधार पॅकिंगला होती, सात वर्षं हंगामी. यंदा कंपनीच्या सगळ्या कारखान्यांचा मिळून एक संघ निवडायचा होता, आणि त्यात निवडली जाईल तिला नोकरीत कायम करायचं, असं कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं. ती एकतीस वर्षांची. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार. निवड समिती नावं ठरवायची ती प्रशिक्षकाचा अहवाल वाचून.

यंदाच्या स्पर्धेचा उपांत्य सामना शेवटच्या सेटपर्यंत गेला. सेटआधी प्रशिक्षकाने सर्व्हिसचा क्रम चिठ्ठीवर लिहून सही करायची असते. मग तोच क्रम कायदा. सर त्या वेळी दुसऱ्या पंचांना शिस्तीचं महत्त्व समजावून सांगत होते. बोलता बोलता त्यांनी चिठ्ठी लिहिली.

कर्णधार जवळ आली. "सर, क्रम आजचाच लिहिलाय ना? एकदा बघू का?"

"तू चेंडू बघ. चिठ्ठी बघायला मी आहे."

मैदानावरचा क्रम चिठ्ठीशी ताडून बघणं हे खरं तर त्या पंचांचं काम. पण ते शिस्तीत गुंतले होते. खेळ सुरू झाला. कर्णधाराने आपल्या सर्व्हिसवर सलग पाच गुण काढले, अकरा-सहा झाले, आणि गुण मांडणाऱ्या बाईंनी घंटा वाजवली. चिठ्ठीप्रमाणे सर्व्हिस तिची नव्हती, दुसऱ्याच खेळाडूची होती. पाचही गुण गेले, वर समोरच्यांना एक मिळाला. सामना हातचा गेला.

खोलीत सर खुर्चीवर बसले. "ये पुढे. बोल."

"काय बोलू?"

"नेहमीचं. तोवर मी लिहितो. कर्णधाराची बेफिकिरी."

ती बाहेर गेली आणि बाईंकडून चिठ्ठीची कार्बन प्रत घेऊन आली. "बाई म्हणाल्या, इतकी वर्षं या जपून ठेवतेय, मागायला आलेली तू पहिलीच." मग तिने वाचून दाखवलं. "आधी चार नंबर, मग नऊ. आज चारनंतर मी होते. हा कालच्या सामन्याचा क्रम आहे, सर. खाली सही तुमची."

सरांनी सही नीट पाहिली. "सही माझीच आहे. पण घाईत केलेली दिसते. घाई कोणामुळे झाली, ते नको बघायला?"

"बघा ना सर," मागून उंच चणीची, जिला सगळ्या शिडी म्हणत, ती म्हणाली. "आम्ही थांबतो."

सरांनी अहवाल पाठवला. कर्णधाराने स्वतः जाऊन समितीला चिठ्ठीची प्रत दिली. समितीने दोन्ही वाचलं आणि तिला निवडलं.

कँटीनमध्ये सत्कार ठेवला. साहेबांच्या हातात तिच्या कायम नोकरीची ऑर्डर होती, सरांच्या हातात माइक होता. तो कोणी दिला नव्हता.

"लोक म्हणतात, माझी चिठ्ठी चुकली," सर म्हणाले. "अरे, मी ती मुद्दाम तशी लिहिली! संकटात पोरगी काय करते, ते बघायचं होतं. असं घडतं नेतृत्व!"

टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

"म्हणजे साहेब," कर्णधार म्हणाली, "उपांत्य सामना सरांनी मुद्दाम घालवला."

साहेबांनी करंडकासाठी केबिनमध्ये काचेचं कपाट करून घेतलं होतं. त्यांचे हात थांबले. "खरं का हो?"

"मुद्दाम म्हणजे... तसं अगदी मुद्दाम नाही."

"मग कसं?"

सरांनी टेबलावर पाणी शोधलं. ते नव्हतं. "चुकून," ते म्हणाले, आणि लगेच पुढे जोडलं, "पण साहेब, मला कुणीतरी विचारायला तरी हवं होतं की नाही?"

साहेबांनी कर्णधाराच्या हातात ऑर्डर दिली आणि सरांच्या हातातून माइक काढून घेतला.